चार सेकंदांचा दिवा

मंगळवार होता. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी चार जणांची गस्त पोस्टवरून खाली निघाली. संध्याकाळी सात पंचवीसला तिघे चालत परत आले. चौथ्याला त्यांनी दोरीने ओढत आणलं. तो लान्स नाईक गोकुळ महाजन. ज्या दिव्याकडे बघून ते परत येत होते, तो दिवा मी बनवला होता.

मी इन्फंट्री बटालियनच्या सिग्नल प्लाटूनमध्ये हवालदार होतो. घर सुरतचं. वडील मराठी शाळेत शिक्षक होते. घरात पुस्तकं होती, त्यामुळे वाचायची सवय होती. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा मी सुरतलाच केला आणि भरतीला गेलो. पोस्टवर मला सगळे मास्तर म्हणत. हे नाव गोकुळने ठेवलं होतं.

गोकुळही सुरतचाच. लिंबायतचा. त्याचे आईवडील पारोळ्याकडून आले आणि वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागले. एकाच शहरात वाढलो, पण तिथे आमची कधी गाठ पडली नव्हती. ती पडली बटालियनमध्ये. तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान होता. दुसरं कोणी आसपास नसलं की अहिराणीत बोलायचा. मला ती पूर्ण येत नाही, कळते.

त्याच्याकडे एक गोष्ट होती जी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. त्याला घड्याळाशिवाय सेकंद मोजता यायचे. लहानपणी तो वडिलांचा डबा घेऊन कारखान्यात जायचा. तिथे बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून वडिलांनी त्याला यंत्राच्या ठोक्यांवर मोजायला शिकवलं. दोन ठोके म्हणजे एक सेकंद. ते ठोके त्याच्या डोक्यात कायमचे बसले होते. मी एकदा स्टॉपवॉच घेऊन त्याला डोळे मिटून एक मिनिट मोजायला लावलं. त्याने हात वर केला तेव्हा घड्याळात साठ सेकंदांना थोडंसं कमी होतं.

"मास्तर, तुमनं घड्याळ मांगे शे," तो म्हणाला.

"घड्याळ सरकारी आहे."

"म्हनीसनच मांगे शे."

आमची पोस्ट उंचावर, बर्फातल्या एका डोंगरधारेवर होती. त्याच धारेवर पूर्वेला शेजारची पोस्ट होती. मध्ये नाला. खालून वर येताना आमची पोस्ट डाव्या हाताला आणि शेजारची उजव्या हाताला लागायची. हवा स्वच्छ असली तर दोन्ही दिसायच्या. ढग उतरला की हात पुढे केला तर हात दिसत नसे. म्हणून दोन्ही पोस्टवर लुकलुकणारे दिवे होते. त्यांचा दिवा दर दोन सेकंदांनी लागायचा, आमचा दर चार सेकंदांनी. येणाऱ्या पार्टीने दिवा मोजायचा. चार म्हणजे घर. दोन म्हणजे आपण उजवीकडे सरकलो, डावीकडे घ्यायचं. ढगातून एका वेळी एकच दिवा दिसतो, म्हणून मोजण्याला महत्त्व होतं.

आमच्या पोस्टच्या डावीकडे मात्र काही नव्हतं. तिथे धार संपत होती. कड्यावर वाऱ्याने साचलेल्या बर्फाचा छज्जा पुढे आलेला होता. वरून तो जमिनीसारखा दिसतो. त्याला कॉर्निस म्हणतात.

जानेवारीच्या सुरुवातीला वादळात आमच्या दिव्याचा खांब पडला आणि आतलं सर्किट फुटलं. नवीन दिव्याची मागणी पाठवली होती. हेलिकॉप्टर येत नव्हतं. पोस्टचे सीनियर जेसीओ सुभेदार जगताप साहेब होते, साताऱ्याकडचे. त्यांनी मला बोलावलं.

"हवालदार, एवढी पुस्तकं वाचता. एक दिवा लुकलुकंल असं काही येतं का त्यात?"

"येतं साहेब."

"मग वाचायचं बास करा आन् करा."

सर्किट अवघड नव्हतं. आठ पायांची एक साधी आयसी असते. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला सगळे विद्यार्थी तिच्यावर टायमर बनवतात. तिला एक कपॅसिटर आणि दोन रेझिस्टर जोडले की ती ठरावीक अंतराने पल्स देते. कपॅसिटर म्हणजे भांडं समजा आणि रेझिस्टर म्हणजे नळ. भांडं भरलं की आयसी ते रिकामं करते, त्या क्षणी दिवा लागतो. मग भांडं पुन्हा भरायला लागतं. नळ बारीक केला की भरायला वेळ लागतो, पल्स लांबतो. मोठा केला की पल्स जवळ येतात. नळाच्या जागी मी फिरवता येणारा रेझिस्टर लावला, म्हणजे अंतर एक सेकंदापासून सहा सेकंदांपर्यंत हवं तसं बदलता येईल. आयसी माझ्या ट्रंकेत होती. रेझिस्टर बिघडलेल्या सेटमधून काढले. कपॅसिटर एका जुन्या रेडिओतून काढला.

त्या कपॅसिटरच्या अंगावर पंच्याऐंशी डिग्री असं छापलेलं होतं. म्हणजे इतक्या उष्णतेपर्यंत तो चालतो. मी तो आकडा वाचला. सुरतमध्ये मी सुट्टीत एका दुरुस्तीच्या दुकानात काम केलं होतं. पत्र्याखालच्या पॅनलमध्ये मे महिन्यात कपॅसिटर फुगून फुटताना पाहिले होते. पार्ट उचलला की वरचा आकडा बघायचा, हे तिथे हाताला लागलं. खालचा आकडा त्याच्यावर छापलेला नसतो. तो पुस्तकात असतो. मी शोधला नाही.

सोमवारी दुपारी सर्किट तयार झालं. बंकरमध्ये रॉकेलची बुखारी पेटलेली होती. तिच्या शेजारी बसून मी आणि गोकुळने ते चारवर लावलं. मी स्क्रूड्रायव्हरने फिरवत होतो, तो दिवा बघून मोजत होता.

"जरा कमी करा. सव्वाचार आहे."

"आता?"

"आता पावणेचार. उलटं फिरवा, थोडंसं. मास्तर, थोडंसं म्हणालो, जातं नाही फिरवायचं."

"आता?"

त्याने वीस पल्स मोजले. "चार."

मी घड्याळाने तपासलं. चार होतं. फिरवायच्या स्क्रूवर मी मेणाचा थेंब टाकला, म्हणजे हलणार नाही.

चार वाजता दिवा आणि सर्किटचा डबा बाहेर, पुन्हा उभ्या केलेल्या खांबावर बसवला. वायर आत घेतली आणि स्विच रेडिओ सेटच्या शेजारी लावला. जगताप साहेबांसमोर दहा मिनिटं चालवून दाखवला. चार सेकंद बरोबर येत होते. डबा बंकरमधून नुकताच बाहेर नेला होता आणि आत अजून ऊब होती. हे मला नंतर कळलं. बॅटरी वाचवायची म्हणून दिवा बंद केला. रात्रभर डबा बाहेर राहिला.

मंगळवारी गस्त गोकुळच्या हाताखाली निघाली. खाली जायचं, टेलिफोनची लाइन बघायची आणि पाच वाजेपर्यंत परत. निघताना तो दोरी कमरेला बांधत होता.

"मास्तर, दिवा पेटवा बरं का वेळेवर. वाचत बसू नका."

"तू मोजायला चुकू नकोस."

तो हसला आणि दोरीची गाठ आवळली.

तीन वाजून वीस मिनिटांनी ढग उतरला. तीन चाळीसला मी आतून स्विच टाकला. खिडकीच्या फटीतून उजेड लुकलुकताना दिसला. लागला एवढं मी बघितलं. मोजलं नाही. काल मोजला होता.

पाच वाजता पार्टी आली नाही. सव्वापाचला रेडिओवर संपर्क झाला. लाइन दोन ठिकाणी तुटलेली होती, जोडायला वेळ लागला, आता वर येत आहेत, असं गोकुळने कळवलं. बाहेर तापमान उणे एकतीस होतं. पाच बेचाळीसला त्याचा पुन्हा आवाज आला. सेट त्याच्याकडेच होता.

"अल्फा वन. बत्ती दिसली. ओव्हर."

"अल्फा. मोजून सांग. ओव्हर."

मध्ये अर्धं मिनिट गेलं.

"दोन. शेजाऱ्यांची आहे. ओव्हर."

"पुन्हा मोज. ओव्हर."

"तीनदा मोजली. दोनच आहे. ओव्हर."

गोकुळने तीनदा मोजून दोन सांगितलं, म्हणजे ते दोनच होतं. याबद्दल मला शंका आली नाही. शंका दिव्याबद्दल यायला हवी होती. ती आली नाही.

मी म्हणालो, "डावीकडे घे. ओव्हर."

"डावीकडे घेतो. आउट."

पाच पन्नासला मी दिव्यावर साचलेला बर्फ झाडायला बाहेर गेलो. काच पुसली. सवयीने घड्याळ बघितलं. दिवा लागला. दोन सेकंदांनी पुन्हा लागला. मी आणखी पाच वेळा मोजलं. मग धावलो.

सेटवर मी त्याला सहा वेळा हाक मारली. उत्तर आलं नाही. जगताप साहेब आत आले. मी सांगितलं, "साहेब, आपला दिवा दोनवर चाललाय. त्यांनी आपलाच बघितला. मी डावीकडे पाठवलंय."

बाहेर जाऊन त्यांनी दोन वेरी लाइट, म्हणजे इशाऱ्याचे प्रकाशगोळे, उडवले. ते ढगात विरले. पाच जणांना दोरीवर बांधून त्यांनी कड्याच्या दिशेने काढलं. पन्नास पावलांपुढे त्यांना वाट दिसेना. ते थांबले.

थंडीने कपॅसिटरचं भांडं लहान झालं होतं, ते लवकर भरत होतं. दिवा चारवर आणायला मेण खरवडून स्क्रू फिरवायला हवा होता आणि तो पुन्हा घसरणार नाही याचा भरवसा उरला नव्हता. मी सर्किट तोडलं. बॅटरीची एक वायर दिव्याला थेट जोडली. दुसरी हातात धरली आणि तिचं टोक दर चार सेकंदांनी टेकवायला लागलो. टेकवायचं, लगेच काढायचं. ग्लोव्ह घालून तार धरता येत नव्हती. जगताप साहेबांनी टॉर्चचा उजेड माझ्या मनगटावरच्या घड्याळावर धरला. त्यांनी दोनदा माणूस बदलायला सांगितलं. मी ऐकलं, पण तार दिली नाही. वेळ मी सहाला तीन मिनिटं कमी असल्यापासून धरतो. सात पंचवीसपर्यंत.

सात पंचवीसला शिपाई तानाजी पुढे दिसला. तो दोरीवर दुसरा होता. मागे दोघे. त्यांच्या मागे गोकुळ.

तानाजीने जे सांगितलं ते असं. डावीकडे वळल्यावर दहाएक मिनिटांत गोकुळच्या पायाखालचा छज्जा तुटला. दोरीने तो धरला गेला, पण खाली खडक होता. सेट तिथेच गेला. त्याला वर ओढायला पाऊण तास लागला. वर आला तेव्हा तो गेलेला होता. कुठे जायचं हे त्यांना कळत नव्हतं. मग उजव्या हाताला चारचा दिवा दिसला.

"दादा म्हणायचा, चार म्हणजे घर," तानाजी म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "हवालदार साहेब, आधी दोनचा दिसला तोही तिथंच होता. असं कसं?"

मी त्याला त्याच वेळी सांगितलं. चौकशीतही सांगितलं. दिवा, कपॅसिटर, मोजलं नाही ते आणि डावीकडे घे ते. चौकशी नीट झाली. अति थंडीने उपकरणात बिघाड, खराब हवामान, कोणी व्यक्ती दोषी नाही. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काढावी लागली. मला खालच्या मेडिकल कॅटेगरीत ठेवलं गेलं. दोन वर्षांनी मी निवृत्त होऊन सुरतला परत आलो.

गोकुळच्या घरी जे पत्र गेलं त्यात तांत्रिक तपशील नव्हता. कर्तव्य बजावत असताना, खराब हवामानात वाट चुकल्यामुळे, असं त्यात होतं. पत्र लिहिणाऱ्याने ते चांगल्या मनाने लिहिलं असणार.

परत आल्यावर आठवड्याभरात मी लिंबायतला गेलो. गोकुळच्या आईचं आधीच निधन झालं होतं. घरात त्याचे वडील होते, त्यांना सगळे आबा म्हणतात, आणि त्याची पत्नी सुनंदा. ती घरबसल्या साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करते. खोली लहान, दार गल्लीत उघडणारं. आबांनी चाळीस वर्षं लूमवर काढली. त्यांना आता जवळपास ऐकू येत नाही. मी नाव सांगितलं ते सुनंदाने त्यांना खुणेने समजावलं. त्यांनी माझा हात धरला आणि मोठ्याने विचारलं. बहिरा माणूस मोठ्यानेच विचारतो.

"मास्तर, मन्हा गोकुळ मोजाले चुकना का?"

मी मान हलवली. नाही.

"मंग वाट कशी चुकनी?"

दारात शेजारची दोन माणसं उभी होती. मला हे सांगायचं असेल तर गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगावं लागणार होतं. मी चहा घेतला आणि निघालो.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी तेच विचारलं. तेव्हाही मी तसाच आलो. सुनंदा दारापर्यंत आली.

"दादा, आबांना रात्रंदिवस तेच लागलंय," ती म्हणाली. "मोजायला मीच शिकवलं, माझ्याच शिकवण्यात खोट राहिली म्हणतात. गल्लीत कोणी वाट चुकला म्हटलं की उठून आत येतात."

मी कडोदऱ्याला एका लूमच्या युनिटमध्ये पॅनल दुरुस्त करतो. तिथे यंत्रांना ठरावीक अंतराने तेलाचा शॉट द्यावा लागतो. पंपाला पल्स देणारे टायमर मी बनवतो. तीच आयसी, तीच रचना. आता प्रत्येक बोर्ड लावण्याआधी मी कँटीनच्या डीप फ्रीजमध्ये रात्रभर ठेवतो आणि सकाळी मोजतो. वायरमन हसमुखभाई रोज बघतो.

"काका, सुरतमां बरफ क्यां पडे छे?" त्याने एकदा विचारलं.

सुरतेत बर्फ पडत नाही, असं मी म्हणालो. त्याला वाटलं, पलटणीतून आलेला माणूस आहे, असतील काही सवयी.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मी घरी तेच सर्किट पुन्हा बनवलं. जुन्या बाजारातून त्याच जातीचा जुना कपॅसिटर शोधला. तीन मिळाले. तिन्ही तपासून सगळ्यात वाईट निवडला. आइस्क्रीमवाल्याकडून सुका बर्फ आणला. थर्मोकोलच्या डब्यात वरच्या बाजूला जाळी बसवली, थर्मामीटर लावला. जाळीवर ठेवलेली वस्तू साधारण उणे तीसपर्यंत जाते. हे सगळं पिशवीत भरून मी लिंबायतला गेलो. सकाळचे साडेदहा वाजले होते.

सुनंदा साडी पसरून बसली होती. "दादा, हे काय मांडलंत?" तिने विचारलं. "बसा आधी. चहा ठेवते."

"चहा नंतर," मी म्हणालो. "आबांना इथे बसायला सांगा. त्यांना मोजायला लावायचंय."

आबा भिंतीला टेकून बसले. मी दिवा त्यांच्यासमोर ठेवला आणि सर्किट चालू केलं. दिवा लागला, विझला. मी बोटं वर करून विचारलं, किती? त्यांची तर्जनी गुडघ्यावर हलायला लागली. ठोके मोजायची पद्धत तीच होती. गोकुळची बोटंही अशीच हलायची. सेकंदाला दोन.

"चार शे," आबा म्हणाले.

मी बोर्ड थर्मोकोलच्या डब्यात जाळीवर ठेवला. वायर बाहेर काढून झाकण लावलं. दिवा त्यांच्यासमोरच राहिला. आम्ही तिघं बघत बसलो. पाचएक मिनिटांनी आबांचं बोट थबकलं. पुन्हा सुरू झालं.

"कमी व्हयनं," ते म्हणाले. "तीन आनि वर थोडं."

आणखी दहा मिनिटं. "तीन नही आते." मग त्यांचं बोट गुडघ्यावर मोजत राहिलं. थर्मामीटर उणे तीसवर आला तेव्हा त्यांनी दोन बोटं वर केली. पुन्हा मोजलं. पुन्हा दोन बोटं.

मी झाकण काढलं. बोर्ड बाहेर घेतला. त्यावर पांढरं दव धरलं होतं. मी बोटाने कपॅसिटर दाखवला. दिवा दाखवला. भिंतीवरचा गोकुळचा फोटो दाखवला. मग माझ्या छातीवर हात ठेवला. हा दिवा मी केला. त्याने दोन मोजले. दोनच होते.

आबांना कळलं. त्यांनी बोर्ड हातात घेतला, कपॅसिटरला नख लावून बघितलं.

"इतलंसं?"

मी मान हलवली.

सुनंदाने साडी बाजूला केली होती. तिला ऐकू येतं, म्हणून तिला मी तोंडाने सांगितलं. दिव्याचं, थंडीचं, आणि रेडिओवर काय बोलणं झालं ते. संपल्यावर तिने एकच विचारलं.

"डावीकडे घे, हे तुम्ही म्हणालात?"

"हो."

"ते आबांना सांगितलं नाही तुम्ही. दिव्याचं दाखवलं."

"हो."

"तेही सांगा."

ते दिव्याने सांगता येण्यासारखं नव्हतं. मी आबांच्या कानाजवळ गेलो आणि ओरडून म्हणालो, "आबा, डावीकडे घे असं मी म्हणालो. मी म्हणालो म्हणून तो गेला."

त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. मी पुन्हा ओरडलो. गल्लीत चाललेलं बोलणं थांबलं. समोरच्या ओट्यावरची बाई उभी राहिली. दारात लोक आले. मी तिसऱ्यांदा ओरडलो, तेव्हा आबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे ऐकू आलं.

मग ते भिंतीला धरून उठले आणि दारात जाऊन उभे राहिले. जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं, "मन्हा आंडोर गोकुळ मोजाले चुकना नही. दिवा चुकना. हाऊ माणूस सांगस." त्यांनी मागे वळून माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो.

आत आल्यावर ते मला म्हणाले, "लिखी दे. मले वाचता येत नही. पन घरमा कागद पायजे."

"काय लिहू?"

माझे ओठ त्यांना वाचता आले असावेत. "समदं," ते म्हणाले. "तुन्हं बी."

मी पिशवी भरायला लागलो. सुनंदा चहा ठेवायला उठली. आबांनी तिला हाताने थांबवलं.

"आते तू जाय," ते मला म्हणाले. आवाजात राग नव्हता. दुसरंही काही मला ऐकू आलं नाही.

हे लिहायला मला चार महिने लागले. वेळा मी डायरीतून घेतल्या आहेत. जिथे माझी आठवण आणि तानाजीची आठवण जुळली नाही तिथे मी त्याला फोन करून विचारलं आणि त्याचं धरलं. एक प्रत लिंबायतला दिली आहे. सुनंदाने ती आबांना वाचून दाखवली, म्हणजे एकेक वाक्य कानाशी ओरडून सांगितलं. तीन संध्याकाळी लागल्या, असं ती म्हणाली. आबांनी मला पुन्हा बोलावलेलं नाही. मीही गेलेलो नाही. मला माफ केलं का, हे विचारायचा मला हक्क आहे असं वाटत नाही.

त्या दिवशी दोरीवर असलेले बाकीचे तिघे जिवंत आहेत. दोघे अजून सेवेत आहेत. तानाजी गावी परतला, त्याला दोन मुली आहेत. जगताप साहेब घरी शेती बघतात.

लान्स नाईक गोकुळ महाजन एकतीस वर्षांचा होता. त्याने तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा बरोबर मोजलं. ते आता त्याच्या घरात माहीत आहे.